इटालियन क्रियापदाचं मूळ शोधायला कोणता कोश उघडावा?

इटालियन क्रियापदाचं मूळ शोधायला लागणारी जवळजवळ सगळी साधनं आज फुकट मिळतात. अडचण वेगळीच आहे. प्रत्येक साधन वाटेचा एखादाच टप्पा नीट दाखवतं, आणि उरलेल्या टप्प्यांवरची जुनी किंवा अर्धवट माहितीही तितक्याच ठामपणे पुढे करतं. कुठे कुणावर विसंबायचं हे माहीत नसेल तर पंधरा मिनिटांत साखळी तयार होते आणि ती चुकीची असते.

म्हणून इथे ही साधनं एकाच क्रियापदावर तपासली आहेत: ‘क्वॉचेरे’, म्हणजे शिजवणं, भाजणं. रोमन लिपीत सी-यू-ओ-सी-ई-आर-ई. याची वाट लांब आहे, तिच्यात दोन अवघड वळणं आहेत, आणि तिचा एक फाटा थेट आपल्या ‘पचणे’ आणि ‘पिकणे’पर्यंत येतो. शेवटच्या टप्प्यावर मराठी वाचक स्वतःच्या कानांनी पडताळा घेऊ शकतो, हा फायदा फार थोड्या इटालियन क्रियापदांत मिळतो.

घाई असेल तर निकाल आधीच सांगतो. इटालियनपासून लॅटिनपर्यंत त्रेक्कानी आणि टीएलआयओ, लॅटिनमधल्या अर्थांसाठी लोगीऑन, लॅटिनच्या मागे जायला विक्शनरी (पण पडताळा घेत), आणि संस्कृतपासून मराठीपर्यंत टर्नर. पियानिजानीचा कोश सर्वांत शेवटी उघडावा, किंवा उघडू नये.

त्रेक्कानी: पहिला थांबा हाच

त्रेक्कानी या इटालियन विश्वकोश काढणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर विश्वकोश, समानार्थी शब्दांचा कोश आणि ‘व्होकाबोलारियो’ (शब्दकोश) असे वेगवेगळे विभाग आहेत. आपल्याला व्होकाबोलारियो हवा. व्युत्पत्ती नोंदीच्या सुरुवातीलाच चौकटी कंसात असते, आणि ती इतकी आटोपशीर असते की बरेच जण तिच्यावरून नजर पुढे सरकवतात. त्या कंसातलं प्रत्येक चिन्ह बोलतं.

सर्वांत महत्त्वाचा संकेत असा: कंसात नुसतं ‘लॅट.’ आणि पुढे लॅटिन शब्द असेल, तर तो शब्द लॅटिनमधून तोंडातोंडी, पिढ्यान्‌पिढ्या घासत आलेला आहे. त्याआधी ‘दाल’ (म्हणजे ‘-पासून’) असेल, तर तो विद्वानांनी पुस्तकातून उचललेला आहे. आपल्याकडे तद्भव आणि तत्सम म्हणतात, जवळपास तोच भेद. क्वॉचेरे पहिल्या गटातलं, तर ‘दिजेरिरे’ (पचवणं) दुसऱ्या गटातलं. हा एक छोटा शब्द वाचायचा राहिला की पुढचे सगळे ध्वनिनियम चुकीच्या शब्दाला लावले जातात.

दुसरा संकेत म्हणजे स्वरांवरची चंद्रकोर. लॅटिन रूप ‘कोक्वेरे’ दिलेलं असतं, आणि त्यातल्या ‘ओ’वर आणि मधल्या ‘ए’वर ऱ्हस्वाची खूण असते. मधला ‘ए’ ऱ्हस्व म्हणजे आघात मागे सरकून पहिल्या अक्षरावर पडतो. आघात असलेला ऱ्हस्व ‘ओ’ मोकळ्या अक्षरात आला, म्हणजे त्याच अक्षरात मागून व्यंजन अडवत नसेल, तर इटालियनमध्ये त्याचा ‘उओ’ होतो: लॅटिन ‘फोकुस’चं ‘फ्वॉको’ (अग्नी), ‘नोवुस’चं ‘न्वॉवो’ (नवा), तसंच हे ‘क्वॉचेरे’. सुरुवातीचा ‘क्व’ हा लॅटिनमधल्या ‘क्व’चा अवशेष आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. लॅटिन शब्दात पहिल्या जागी साधा ‘क’च होता, आणि इटालियनमधला ‘व’ स्वरातून आला आहे. या क्रियापदाबाबत होणारी सर्वांत मोठी चूक हीच, आणि ती टाळायला त्या दोन चंद्रकोरी पुरतात.

पडताळा इटालियनच्याच रूपांत मिळतो. ‘कॉत्तो’ (शिजलेलं) मध्ये अक्षर जोडव्यंजनाने बंद झालं, म्हणून ‘उओ’ नाही. ‘कोत्तुरा’ (शिजवण्याची क्रिया) आणि ‘कोचेन्ते’ (चटका देणारं) मध्ये त्या अक्षरावर आघात नाही, म्हणून तिथेही नाही. पूर्वी ‘कोचियामो’ (आपण शिजवतो) असंच रूप होतं. आता सगळीकडे ‘उओ’ पसरवून ‘क्वोचियामो’ म्हणतात. कोशात दोन्ही रूपं दिसली तर गोंधळू नये: जुनं रूप नियमाचं आहे, नवं सवयीचं.

‘कॉत्तो’ लॅटिन ‘कोक्तुस’पासून आलं. त्यात क्‌त चं त्त झालं, जसं ‘नोक्तेम’चं ‘नॉत्ते’ (रात्र) झालं. प्राकृतात याच धाटणीचा बदल स्वतंत्रपणे झाला: भक्त, भत्त आणि मग आपला भात. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण मराठी कानाला हा बदल चटकन पटतो.

प्रथमपुरुषी ‘क्वॉचो’ मात्र नियमाने आलेलं नाही. लॅटिन ‘कोक्वो’चं ‘क्वॉको’ व्हायला हवं होतं, जसं ‘दिको’ (मी सांगतो) मध्ये क टिकला आणि ‘दिची’ (तू सांगतोस) मध्ये च झाला. इथे बाकीच्या रूपांतला ‘च’ प्रथमपुरुषातही शिरला. ‘क्वॉको’ हे रूप आजच्या इटालियनमध्ये आहे, पण ते नाम आहे, म्हणजे आचारी. त्रेक्कानी ही रूपं देतो, त्यामागचं कारण देत नाही. एकभाषिक सामान्य कोशाकडून तशी अपेक्षाही नसावी.

टीएलआयओ: विद्यार्थ्यांसाठी खरा ठेवा

‘तेसोरो देल्ला लिंग्वा इतालियाना देल्ले ओरिजिनी’ हा जुन्या इटालियनचा कोश आहे. इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेची फ्लॉरेन्समधली संस्था तो तयार करते, आणि चौदाव्या शतकाअखेरपर्यंतचे लेखी पुरावे त्यात येतात. दिसायला रुक्ष आहे, पण मांडणी समजली की याच्यासारखा कोश नाही.

प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर शून्याने सुरू होणारे परिच्छेद असतात. ०.१ मध्ये त्या शब्दाची जुन्या हस्तलिखितांत सापडणारी सगळी लेखनरूपं, ०.२ मध्ये व्युत्पत्तीची टीप, ०.३ मध्ये सर्वांत जुना आढळ आणि त्याचा काळ, ०.४ मध्ये तो शब्द कोणत्या प्रदेशातल्या ग्रंथांत येतो याची वाटणी. व्युत्पत्तीसाठी आलेल्यांनी ०.२ वाचून लगेच बाहेर पडू नये. ०.१ मधली रूपं हा खरा पुरावा आहे. ‘उओ’ असलेली आणि नसलेली रूपं कुठे आणि कधी लिहिली जात होती हे तिथे डोळ्यांना दिसतं, आणि वर सांगितलेला नियम पुस्तकी राहत नाही.

०.२ चा आणखी एक उपयोग आहे. तिथे बहुतेक वेळा कोर्तेलात्सो आणि झोल्ली यांच्या व्युत्पत्तिकोशाचा हवाला देऊन त्यातलं मूळ एका ओळीत दिलेलं असतं. तो कोश विकत घ्यावा लागतो. त्याचा निष्कर्ष इथे फुकट वाचायला मिळतो.

उणीव एकच. शोधचौकटीत आधुनिक शिरोशब्द टाकला नाही तर हाताला काही लागत नाही, आणि सगळं संकेतस्थळ इटालियनमध्ये आहे. थोडीफार इटालियन येत नसेल तर पहिले काही दिवस अडखळायला होतं.

पियानिजानी: सोपा, देखणा आणि जुना

ओत्तोरिनो पियानिजानीचा व्युत्पत्तिकोश १९०७ साली रोममध्ये छापला गेला. तो आता जालावर आहे आणि इटालियन शब्दांची व्युत्पत्ती शोधणारे बहुतेक जण तिथेच पोहोचतात, कारण पत्ता लक्षात राहायला सोपा आणि नोंदी वाचायला रंजक आहेत. पण हा कोश शंभर वर्षांहून जुना आहे. हित्ती या भारोपीय कुळातल्या (म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्याच कुळातल्या) प्राचीन भाषेचा उलगडा १९१५ साली झाला; त्याच कुळातल्या तोखारीचा अभ्यास १९०७ साली नुकता कुठे सुरू होत होता. भारोपीय मूळ भाषेची आज मांडली जाणारी ध्वनिव्यवस्था या पुस्तकात असणं शक्यच नाही. धातूंची रूपं आणि संस्कृतशी लावलेले संबंध इथून उचलून कुठेही नोंदवू नयेत. लॅटिनपर्यंतची ढोबळ दिशा कळायला ठीक आहे, पण ते काम त्रेक्कानी अधिक चोख करतो.

लोगीऑन: लॅटिनचा टप्पा

शिकागो विद्यापीठाचं लोगीऑन एकाच शोधात लॅटिनचे आणि ग्रीकचे अनेक कोश उघडून देतं. एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: इटालियन कोशात क्रियापद ‘-णे’ रूपाने लावलेलं असतं, लॅटिन आणि ग्रीक कोशांत ‘मी करतो’ या रूपाने. म्हणजे शोधायचं ‘कोक्वो’, ‘कोक्वेरे’ नाही. ग्रीक भावंड शोधताना ‘पेस्सो’. संस्कृतसाठी तिसरीच तऱ्हा, तिथे नुसता धातू: ‘पच्’. मोनियर विल्यम्सच्या १८९९ च्या संस्कृत-इंग्रजी कोशात ‘पचति’ घेऊन जाणाऱ्यांची फेरी वाया जाते ती यामुळे.

लोगीऑनमधला लुइस आणि शॉर्टचा लॅटिन कोश १८७९ चा आहे, म्हणून त्यातला व्युत्पत्तीचा भाग सोडून द्यावा. अर्थांचा भाग मात्र अजूनही अव्वल आहे. ‘कोक्वो’खाली शिजवणं, विटा भाजणं, फळ पिकवणं, अन्न पचवणं आणि मनाला जाळणं असे सगळे अर्थ मूळ उताऱ्यांसह मिळतात. शेवटचा अर्थ एन्नियुस या जुन्या रोमन कवीच्या एका ओळीत आहे, ती सिसेरोने वार्धक्यावरच्या ग्रंथाच्या आरंभी उद्धृत केली आहे. जाळणारी काळजी इटालियनमध्येही ‘क्वॉचेरे’ करते, आणि त्या अर्थाने भूतकाळवाचक रूप ‘कॉत्तो’ऐवजी ‘कोचूतो’ होऊ शकतं. अर्थांची ही यादी नीट वाचून ठेवावी. मराठीपर्यंत पोहोचल्यावर ती कामाला येते.

लोगीऑन जे देत नाही ते म्हणजे बोलीतली लॅटिन. ‘कोक्वेरे’मधला ‘क्व’ इटालियनमध्ये ‘च’ कसा झाला, याचं उत्तर अभिजात लॅटिनमध्ये नाही. आधी ‘क्व’चा ‘क’ झाला आणि मग ‘ए’समोर त्या ‘क’चा ‘च’. पहिल्या पायरीचा लेखी पुरावा ‘अपेंडिक्स प्रोबी’ या २२७ दुरुस्त्यांच्या यादीत आहे. ‘असं म्हणा, तसं म्हणू नका’ अशा धाटणीची ही यादी एका हस्तलिखितामुळे टिकली, आणि ते आज नेपल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्या काळाबद्दल तिसऱ्यापासून सातव्या शतकापर्यंत वेगवेगळी मतं आहेत. तिच्यात स्पष्ट लिहिलंय: ‘कोक्वेन्स’ म्हणा, ‘कोकेन्स’ नको. शिक्षकाने नको म्हटलेलं रूपच इटालियनची आजी आहे. ही यादी जालावर सहज मिळते, आणि कुठल्याही इटालियन क्रियापदाचा माग काढताना ती शेजारच्या टॅबमध्ये उघडी ठेवावी.

विक्शनरी: सर्वांत उपयोगी, आणि सर्वांत जपून वापरायची

इंग्रजी विक्शनरीत क्वॉचेरेपासून भारोपीय धातूपर्यंतची अख्खी साखळी एका ओळीत मिळते, आणि प्रत्येक कडीवर क्लिक करून पुढे जाता येतं. इतकी सोय दुसरीकडे नाही. इटालियन विक्शनरीऐवजी इंग्रजीच उघडावी. इटालियन आवृत्तीतल्या व्युत्पत्ती फार त्रोटक आहेत.

तीन खुणा वाचायला शिकलं की निम्मं काम झालं. शब्दाआधी तारा असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलनेतून बांधलेलं आहे. वंशजांच्या यादीत शब्दाआधी बाण असेल तर तो उसना घेतलेला आहे, वारशाने आलेला नाही. आणि ओळीच्या सुरुवातीला नुसतं ‘पासून’ आहे, की ‘वारशाने’ किंवा ‘उसना’ असं स्पष्ट म्हटलंय, हे पाहावं. नुसतं ‘पासून’ असेल तिथे संपादकाने निर्णय घेतलेला नाही, असं धरून चालावं.

बाण दुर्लक्षित केल्यामुळे होणारी नेहमीची चूक म्हणजे इंग्रजी ‘कुक’ला क्वॉचेरेचं सख्खं भावंड मानणं. तो शब्द जर्मानिक भाषांनी लॅटिनकडून घेतला. सख्खा असता तर ग्रिमच्या नियमाने (भारोपीय ‘प’चा जर्मानिक भाषांत ‘फ’ होतो) सुरुवातीला ‘फ’ असता. याहून लांबचा फेरा ‘आल्बिकॉक्का’चा, म्हणजे जर्दाळूचा. ‘लवकर पिकणारं’ या अर्थाचा लॅटिन शब्द ग्रीकमध्ये गेला, तिथून अरबीत, आणि अरबी ‘अल्’ पुढे जोडून इटलीत परतला. धातू तोच, पण वाट वारशाची नाही.

आता अवघड वळण. भारोपीय धातू ‘पेक्व्’ असा मांडला जातो, सुरुवातीला ‘प’. लॅटिनमध्ये मात्र ‘क’. साखळीत या दोन कड्या एकमेकींशेजारी दिसतात आणि कारण बहुधा दिलेलं नसतं. पडताळा घ्यायला पाचाचा आकडा घ्यावा: संस्कृत ‘पञ्च’, ग्रीक ‘पेन्ते’, लॅटिन ‘क्विंक्वे’. शब्दात पुढे ‘क्व’ असला की इटालिक भाषांत (लॅटिन आणि तिच्या इटलीतल्या प्राचीन बहिणींत) सुरुवातीचा ‘प’ त्याच्यासारखा होऊन ‘क्व’ बनतो. म्हणून पेक्व्-चं क्वेक्व् झालं आणि त्यातून लॅटिन कोक्व्-. हाच बदल केल्टिक भाषांतही दिसतो. जी व्युत्पत्ती पाचाच्या या कसोटीला उतरत नाही ती बाजूला ठेवावी.

याच धातूचा दुसरा पुरावा लॅटिनमध्येच पडून आहे: ‘पोपिना’, म्हणजे स्वस्तातली खानावळ. हा शब्द लॅटिनने ऑस्कन-उम्ब्रियन या शेजारच्या इटालिक भाषांकडून घेतला. त्या भाषांत ‘क्व’चा ‘प’ होतो, म्हणून क्वेक्व्-मधले दोन्ही ‘क्व’ ‘प’ झाले. एकाच शहरात ‘कोक्विना’ (स्वयंपाकघर) आणि ‘पोपिना’ शेजारी नांदत होती. विक्शनरीच्या धातूच्या पानावर हे दोन्ही एकत्र पाहता येतात, आणि यासाठी तिला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत.

तरीही विक्शनरीवरची कोणतीही साखळी जशीच्या तशी उतरवू नये. पानाचा इतिहास आणि चर्चा उघडून व्युत्पत्तीला कोणत्या ग्रंथाचा आधार दिला आहे ते पाहावं. मिशेल द व्हान यांचा लॅटिन व इतर इटालिक भाषांचा २००८ चा व्युत्पत्तिकोश किंवा भारोपीय धातूंसाठी हेल्मुट रिक्स यांनी संपादित केलेला जर्मन क्रियापदकोश यांपैकी काही उल्लेखलं असेल तर पाया पक्का.

टर्नर: मराठीचा टप्पा

राल्फ टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात फुकट आहे. शिरोशब्द संस्कृत, खाली पाली-प्राकृतपासून आजच्या भाषांपर्यंत रूपं. विक्शनरीवरून थेट मराठीवर उडी मारणारे इथेच घसरतात, म्हणून हा टप्पा सविस्तर.

संस्कृत ‘पचति’मध्ये ‘च’ आहे, ‘पाक’ आणि ‘पक्व’मध्ये ‘क’. कारण मूळ भाषेत ‘पचति’च्या जागी पुढे ‘ए’ होता. त्या ‘ए’ने ‘क’चा ‘च’ केला आणि मग स्वतः ‘अ’ झाला. इटालियनमध्ये क्वॉचेरेत च आणि क्वॉकोत क, इकडे पचतीत च आणि पाकात क. दोन्हीकडे कारण एकच प्रकारचं, काळ मात्र हजारो वर्षांच्या अंतराने.

‘पचणे’ हे ‘पचति’पासून आलं असं सहज लिहिलं जातं. ते बसत नाही. दोन स्वरांमधला एकटा ‘च’ प्राकृतात गळतो. मराठीत ‘च’ टिकला आहे म्हणजे प्राकृतात तो दुहेरी असला पाहिजे. तो ‘पच्यते’ या कर्मणी रूपातून येतो: पच्यते, पच्चइ, पचणे. त्यामुळेच ‘मी पचतो’ असं आपण म्हणत नाही, अन्न पचतं. टर्नरमध्ये ‘पचति’ आणि ‘पच्यते’ वेगळ्या नोंदी आहेत. दोन्ही उघडाव्यात.

‘पिकणे’ आणि ‘पीक’ ही ‘पक्व’ची मुलं. ‘अ’चा ‘इ’ कसा झाला, असा प्रश्न पडेल. बाराव्या शतकातला हेमचंद्र आपल्या प्राकृत व्याकरणात सांगतो की पक्व, अङ्गार आणि ललाट या शब्दांत पहिल्या ‘अ’चा विकल्पाने ‘इ’ होतो. मराठीने तिन्ही ठिकाणी ‘इ’च उचलला: पिकणे, इंगळ आणि ‘निढळाचा घाम’मधलं निढळ. ‘पक्का’मधला जोड ‘क्क’ मात्र मराठीच्या स्वतःच्या वाटेने टिकला नसता, त्याचं ‘पीक’सारखं काहीतरी झालं असतं, तो उत्तरेकडून आलेला शब्द आहे. लॅटिनच्या एका ‘कोक्वो’त असलेले पिकवणं आणि पचवणं हे दोन अर्थ मराठीत असे दोन क्रियापदांत वाटले गेले.

टर्नरचा शोध वापरायला किचकट आहे. लिप्यंतराच्या खुणा जुळल्या नाहीत तर निकाल येत नाही. तेव्हा शोधण्याऐवजी पानाक्रमाने चाळत जाणं लवकर होतं.

खोटं उघडं पाडणारी दोन क्रियापदं

नवा कुठलाही कोश किंवा ॲप हाती आलं की त्याला ‘आन्दारे’ (जाणं) विचारावं. याचं मूळ वादग्रस्त आहे. लॅटिनमधली दोन-तीन रूपं सुचवली गेली आहेत आणि कोणतंही निर्विवाद नाही. शिवाय ‘मी जातो’ हे ‘वादो’ दुसऱ्याच लॅटिन क्रियापदातून आलंय. त्रेक्कानी अनिश्चितता मान्य करतो. जो कोश एकच मूळ ठामपणे सांगतो, त्याच्या बाकीच्या नोंदीही संशयाने वाचाव्यात.

दुसरं ‘मान्जारे’ (खाणं). हे लॅटिन ‘मांदुकारे’पासून सरळ आलेलं नाही, जुन्या फ्रेंचमधून फिरून आलं आहे, त्यातला ‘ज’ फ्रेंच आहे. इटालियनचं घरचं रूप ‘मानिकारे’, ते दान्तेच्या ‘इन्फेर्नो’च्या ३३व्या सर्गात आहे. मधला फ्रेंच थांबा गाळणारं साधन उपयोगाचं नाही.

पैसे कधी खर्च करावेत

शब्दाचा पहिला लेखी आढळ तारखेसह हवा असेल तर कोर्तेलात्सो आणि झोल्ली. पहिली आवृत्ती १९७९ ते १९८८ दरम्यान पाच खंडांत आली, दुसरी १९९९ ची एका खंडात. जुनी पुस्तकं विकणाऱ्यांकडे पाहावी, पण दुसरीच घ्यावी. बोलीभाषांतली रूपं हवी असतील तर माक्स फिस्टर यांनी सुरू केलेला ‘लेस्सिको एतिमोलोजिको इतालियानो’. १९७९ पासून भागाभागाने येतो आहे आणि अजून पुरा झालेला नाही. तो विकत घेण्याची गोष्ट नाही, रोमान्स भाषांचा (लॅटिनपासून निघालेल्या भाषांचा) विभाग असलेल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाहावा. तिथे क्वॉचेरे शोधू नये: शिरोशब्द लॅटिन आहेत, तेव्हा ‘कोक्वेरे’ काढावा.